पहिली कादंबरी: सुरुवात जमते, पुढचा जोर कुठून आणायचा?

अर्धविराम
नमस्कार मंडळी. गेली चार वर्षं कादंबरी लिहितोय. म्हणजे लोकांना तसं सांगतोय. प्रत्यक्षात हाताशी काय आहे ते मोजून सांगतो. पहिलं प्रकरण अकरा वेळा लिहून झालंय, दुसरं तीनदा, तिसऱ्याचं फक्त पहिलं पान. पात्रांच्या जन्मतारखा, घराचा नकाशा, कोणाचा कोणाशी अबोला आहे याचा तक्ता, सगळं तयार आहे. तक्त्याला रंगसुद्धा दिलेत. गोष्ट शेवटापर्यंत डोक्यात स्वच्छ आहे.

वेळ नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. रात्री साडेनऊनंतर मी मोकळा असतो आणि मोबाइल चाळत बसतो. लेख एका बैठकीत होतात. कादंबरीची फाइल उघडली की मात्र हात आखडतो.

ज्यांनी एक तरी कादंबरी पूर्ण केली आहे (छापली नसली तरी चालेल) त्यांनी सांगा, सुरुवातीचा उत्साह आटल्यावर काय करता? आणि ज्यांची माझ्यासारखीच अडकली आहे त्यांनीही या. निदान सोबत होईल.

तिरकस
पहिलं प्रकरण अकरा वेळा म्हणजे अकरा प्रकरणं झाली की. पात्रांची नावं बदला आणि छापा. प्रयोगशील म्हणून नावाजतील.

वाचनवेडी
रुमाल टाकून ठेवते. माझीही एक वही आहे घरात. कुठे आहे ते सांगणार नाही.

गणिती
उत्साह वगैरे सोडा, हिशेब करा. छापील पानावर अडीचशे ते तीनशे शब्द बसतात. 60,000 शब्दांची कादंबरी म्हणजे सव्वादोनशे पानांच्या आसपास. रोज 300 शब्द लिहिले तर 200 दिवस. आठवड्याला एक सुट्टी धरली तरी आठ महिन्यांत पहिला खर्डा हातात. तुम्हाला चार वर्षं झाली.

अँथनी ट्रोलप हा इंग्रज कादंबरीकार टपालखात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ, दर पाव तासाला 250 शब्द. मग नोकरीवर. अशा 47 कादंबऱ्या लिहिल्या. 1883 साली, मरणोत्तर निघालेल्या आत्मचरित्रात त्याने हे सगळं मोकळेपणाने सांगितलं, तर लोकांचा विरसच झाला. प्रतिभा अशी घड्याळ लावून येते हे त्यांना आवडलं नाही.

तिरकस
ट्रोलपचं अर्धंच सांगितलंत. त्याला पहाटे उठवून कॉफी आणून द्यायला एक म्हातारा नोकर होता. त्या कामाचे त्याला वर्षाला 5 पौंड जास्त मिळायचे आणि ट्रोलपने त्याचे जाहीर आभारही मानलेत. माझ्याकडे गजर आहे. त्याला 'आणखी दहा मिनिटं' असं बटण आहे.

शाईचा_डाग
दोन पूर्ण केल्या आहेत. एक छापली, एक छापण्यालायक नाही. त्यामुळे बोलायचा थोडासा हक्क आहे असं समजते.

माझा उत्साह बरोबर चाळिसाव्या पानापर्यंत टिकला. तोवर सगळं नवं असतं, पात्रं येत असतात, आपण त्यांची ओळख करून देत असतो, यजमानीणबाईंसारखं. मग सगळे येऊन बसतात आणि आपल्याकडे बघायला लागतात. आता काय? तिथे मी सात महिने थांबले होते.

पुढची सगळी कादंबरी मोटारीत बसून लिहिली. मुलीला पोहायला सोडायचे, तिला पंचेचाळीस मिनिटं लागायची. स्टिअरिंगला वही टेकवायची आणि लिहायचं. मोबाइल मुद्दाम डिकीत. पाऊस असला की काचांवर वाफ धरायची आणि बाहेरचं काही दिसायचं नाही, ते दिवस सगळ्यात चांगले. मुलगी ओला टॉवेल घेऊन यायची आणि नेमकी वहीवर टाकायची. बाराव्या प्रकरणातला एक संवाद त्यात पार विरघळला. परत लिहिला तो आधीपेक्षा बरा झाला, पण हे तिला आजवर सांगितलेलं नाही. चौदा महिने लागले.

या सगळ्यात एक गोष्ट नकळत जमून गेली. पंचेचाळीस मिनिटं संपली की वाक्य अर्धं टाकून उठावंच लागायचं. पुढे हेमिंग्वेची एक मुलाखत वाचली. पुढे काय होणार हे माहीत असतानाच तो त्या दिवसाचं काम थांबवायचा. मी ते तत्त्व म्हणून नाही, पार्किंगच्या नियमामुळे पाळलं. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाऐवजी अर्ध्या वाक्याशी गाठ पडते, एवढंच. पण फरक फार पडतो.

आणि अर्धविराम, ते पहिलं प्रकरण कुणाकडे तरी ठेवायला द्या. मी नवऱ्याच्या कपाटात ठेवलं होतं, शेवटचं प्रकरण होईपर्यंत परत मागायचं नाही या बोलीवर. दोनदा मागितलं. त्याने दिलं नाही.

वाचनवेडी
नवऱ्याबद्दल आदर वाढला.

मुद्रितशोधक
या धंद्यात बरीच हस्तलिखितं हातून गेली आहेत. पहिल्या कादंबऱ्यांचं एक लक्षण सांगतो. पहिली तीस पानं अशी घासलेली असतात की मला काम उरत नाही. चौथ्या प्रकरणापासून ऱ्हस्व-दीर्घ सुटायला लागतं. आणि साधारण त्याच सुमाराला नायक खिडकीशी जाऊन उभा राहतो. बाहेर बघतो. त्याला काहीतरी आठवतं. मी समासात पेन्सिलने 'खि.' असं लिहितो. एका हस्तलिखितात एकवीस 'खि.' झाले होते.

खिडकी वाईट नाही. पण नायक तिकडे जातो तेव्हा बहुतेक वेळा लेखकाला खोलीत काय घडवायचं ते सुचलेलं नसतं.

अर्धविराम यांच्या पोस्टमधली एकच गोष्ट मला खटकली. 'गोष्ट शेवटापर्यंत डोक्यात स्वच्छ आहे.' मग लिहायची कशाला? तुम्हाला तर ती माहीतच आहे.

गणिती
असहमत. आराखडा नसलेल्या कादंबऱ्याच मध्ये बुडतात.

मुद्रितशोधक
आराखडा असावा की. पण त्यात लेखकाला स्वतःला न कळलेलं असं काहीतरी उरलेलं असावं. नाहीतर ते इतिवृत्त होतं.

मनकवडा
मुळात हा धागा काढणं हीच चूक झाली असावी. गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाचा आणि त्याच्या सहकाऱ्यांचा 2009 साली एक अभ्यास आला होता. 'मी अमुक होणार' हा माणसाचा मनसुबा दुसऱ्या कुणी ऐकून घेतला, त्याची दखल घेतली, की तो माणूस त्यासाठी पुढे कमी काम करतो, असं त्यांना आढळलं. ऐकणाऱ्याने मान डोलावली की अर्धं होऊन गेल्यासारखं वाटतं. चार वर्षं तुम्ही 'कादंबरी लिहितोय' म्हणून सांगताय. लोकांच्या लेखी तुम्ही कादंबरीकार झालातसुद्धा.

त्याच गोलविट्झरचं दुसरं, जास्त कामाचं सांगणं असं की नुसता 'लिहीन' हा संकल्प लंगडा असतो. 'ताट उचलून ठेवलं की त्याच खुर्चीवर बसून फाइल उघडीन' असं जागा-वेळ बांधून ठरवलं तर ते घडायची शक्यता वाढते.

उंबरठा
+१. मी घरी कुणालाच सांगितलेलं नाही. फाइलचं नाव 'वीजबिल जुनी' असं आहे. आजवर कुणी उघडलेली नाही.

तिरकस
तुम्ही तरी उघडता का?

उंबरठा
हे लागलं.

पानगळ
मनकवडा, मला पूर्ण पटत नाही. ह. ना. आपट्यांनी 1890 साली 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि 'पण लक्षांत कोण घेतो' त्यातून क्रमशः दिली. अंक निघायचा म्हणजे प्रकरण द्यावंच लागायचं, मन लागो वा न लागो. जाहीर करण्याचा फायदाही होतो तो असा.

मनकवडा
पण आपट्यांनी मनसुबा जाहीर नव्हता केला, प्रकरण छापलं होतं. वाचक पुढच्या हप्त्याची वाट बघत होता. अर्धविराम यांच्या पुढच्या हप्त्याची कोण वाट बघतंय? (राग मानू नये.)

तिरकस
आपट्यांच्याही काही कादंबऱ्या अपूर्णच राहिल्या. एवढं ऐकून मी आज निवांत झोपणार.

कुंपणावरचा
नोव्हेंबरात 30 दिवसांत 50,000 शब्द लिहायचा तो उपक्रम आठवतो का कुणाला? नॅनोरायमो. 1999 ला सुरू झाला, ती संस्था 2025 मध्ये बंद झाली. मी आणि एका मैत्रिणीने दोघांतच केला होता. रोजचे 1,667 शब्द. अठराव्या दिवशी माझ्या नायकाला स्वप्न पडलं. एकोणिसाव्या दिवशीही तेच स्वप्न चालू. विसाव्या दिवशी त्याने ते स्वप्न मित्राला सविस्तर सांगितलं. 50,000 झाले, त्यातले कामाचे नऊ-दहा हजार निघाले असतील.

तरी तोटा झाला असं नाही म्हणणार. तोवर मला वाटायचं की वाईट वाक्य लिहिलं तर काहीतरी होईल. काही झालं नाही. मी चहूबाजूंनी वाईट लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सगळं जिथल्या तिथे होतं.

साठीपार
मी 63 वर्षांचा. पहिलीच लिहितोय. उशीर झाला असं कुणी म्हणू नका, मीच म्हणून झालंय.

वाचनवेडी
काका, रेमंड चँडलरची पहिली कादंबरी 1939 मध्ये आली तेव्हा तो 50 चा होता. पेनेलपी फिट्झजेराल्डची 1977 साली, साठीत. टोनी मॉरिसनची 1970 ला, वय 39, पदरात दोन मुलं आणि प्रकाशनसंस्थेत संपादकाची नोकरी. पहाटे मुलं उठायच्या आत लिहायची.

साठीपार
धन्यवाद, बाळ. खरं सांगू का, या याद्या मला पाठ आहेत. वाचल्या की दिवसभर बरं वाटतं आणि त्या दिवशी एक ओळ लिहून होत नाही. म्हणून बंद केल्या. आता सकाळी एक पान लिहितो, चांगलं झालं की वाईट ते बघत नाही. बघायला संध्याकाळ आहे. संध्याकाळी झोप येते, त्यामुळे तेही राहतं. 140 पानं झाली.

तिरकस
काका, तुम्ही या धाग्यावर काय करताय? जा, लिहा.

पानगळ
अवांतर: हाताने लिहिता की टंकून? मी मध्यंतरी बोलून लिहायचा प्रयोग केला, फोन मराठी बऱ्यापैकी ओळखतो. चालता चालता सांगायचं. खुनाचा प्रसंग मोठ्या आवाजात सांगत होते तर समोरून येणारे दोघं रस्ता ओलांडून पलीकडे गेले. घरी येऊन बघितलं तर फोनने सगळीकडे 'खून'चं 'खूण' केलं होतं. 'त्याने तिची खूण केली आणि तो पळून गेला.'

मुद्रितशोधक
हे वाक्य चांगलं आहे. राहू द्या.

गणिती
अवांतरावर अवांतर: मधली प्रकरणं एआयकडून का लिहून घेत नाही? आराखडा तयार आहेच.

शाईचा_डाग
त्यापेक्षा दुकानातून तयार कादंबरीच आणावी. मुखपृष्ठही मिळेल.

गणिती
काडी टाकून बघितली. पेटली.

अनवाणी
सगळे प्रतिसाद वाचले. अर्धविराम, एक विचारू? तुम्ही तक्त्याच्या रंगापर्यंत सगळं सांगितलंत. कादंबरी कशाबद्दल आहे ते मात्र अजून सांगितलं नाही. पंचवीसच्या वर प्रतिसाद झाले, आणि कुणी विचारलंही नाही.

अनुभवावरून विचारते. मी दोन वर्षं 'मूड लागत नाही' म्हणत होते. मूडचा काही संबंध नव्हता. तिसऱ्या प्रकरणात माझी आत्या येणार होती, आणि ती वाचणार होती.

अर्धविराम
तीन दिवस हा प्रतिसाद उघडून बसलोय.

माझे वडील टायपिस्ट होते. कादंबरी एका टायपिस्टची आहे. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांची वाक्यं टाइप केली. एकदा त्याच्यासमोर एक निवेदन येतं, ते खोटं आहे हे त्याला माहीत असतं. तो ते टाइप करतो. बिनचूक करतो. तिसऱ्या प्रकरणात हे घडतं.

हे खरं घडलं की नाही मला माहीत नाही. लहानपणी दाराआडून एक अर्धवट भांडण ऐकलं होतं, तेवढंच. वडील आहेत. छापलेलं सगळं वाचतात. अजून रोज वर्तमानपत्रातल्या चुका लाल पेनने दुरुस्त करतात आणि घडी घालून ठेवतात. कुणाला पाठवत नाहीत.

वाचनवेडी
लाल पेन वाचून कसंतरी झालं.

मुद्रितशोधक
माझे शब्द परत घेतो. गोष्ट तुम्हाला माहीत नाहीच. त्याने ते का टाइप केलं हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि तेच लिहायचं आहे.

मनकवडा
व्यवसाय बदलून बघा. टायपिस्टऐवजी नकाशे काढणारा, छायाचित्रकार, काहीही. दोघांमध्ये अंतर पडेल.

अनवाणी
अंतर पडेल, पण गोष्टही जाईल. 'बिनचूक टाइप केलं' यात सगळं आहे. मी आत्याला बदललं नाही. वेगळी फाइल केली आणि तिला मनाशी नाव दिलं 'कुणालाही दाखवायची नाही'. छापायचं की नाही हे लिहिणाऱ्या बाईने ठरवायचंच नाही, ते पूर्ण झाल्यावर दुसरी बाई ठरवेल. आत्याने पुढे वाचलं. म्हणाली, मी एवढी उंच कुठे होते.

शाईचा_डाग
माझा अनुभव इतका गोड नाही. छापलेलीमुळे एक घर कायमचं तुटलं. तेव्हा 'वाचल्यावर सगळं ठीक होतं' असं म्हणवत नाही. मी परत लिहिली असती का? असती. पण तो एक परिच्छेद काढला असता. तो कादंबरीला नको होता, मला हवा होता.

साठीपार
मी तुमच्या वडिलांच्या बाजूने बोलतो. मुलाने माझ्यावर लिहिलं तर आधी शुद्धलेखन तपासेन. मग बरेच दिवस काही बोलणार नाही. त्याचा अर्थ रागावलो असाच होत नाही.

तिरकस
पहिल्यांदाच या धाग्यावर विनोद सुचत नाहीये.

उंबरठा
काल 'वीजबिल जुनी' उघडली. एवढंच सांगायचं होतं.

अर्धविराम
पाच आठवड्यांनी धागा वर काढतोय. एक साधा प्रश्न आहे. टाइपरायटरची बेल ओळ संपली की वाजते, की संपायच्या आधी? वडिलांना विचारलं असतं, पण ते 'कशाला?' म्हणतील.

गणिती
संपली की. सिनेमात तसंच दाखवतात.

साठीपार
अजिबात नाही. मी तेवीस वर्षं टायपिंग केलंय. बेल आधी वाजते, माझ्या मशीनवर सहा-सात अक्षरं. तेवढ्यात ठरवायचं, शब्द बसतो की तोडून खाली न्यायचा. मुरलेला टायपिस्ट तिकडे बघत नाही, हात आपोआप लिव्हरकडे जातो. मराठी मशीनवर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, हेही ध्यानात असू द्या. म्हणजे 'निवेदन' टाइप करताना पहिल्यांदा वेलांटीच उमटते, अक्षर नाही. आणि खाली कार्बन असतील तर एका चुकीला प्रत्येक प्रत वेगळी खोडावी लागते, मध्ये कागदाचा कपटा सरकवून. म्हणून चूक न करणं हा सज्जनपणा नसतो हो, आळस असतो.

मुद्रितशोधक
शेवटचं वाक्य काकांनी आपल्या कादंबरीसाठी ठेवायला हवं होतं.

तिरकस
झालं. आता तक्त्यात आणखी एक रंग.

अर्धविराम
तक्ता काढून टाकला. तिसरं संपलं, चौथं चालू आहे. काका, तुमचं वेलांटीचं वाक्य वाचून सगळा प्रसंग परत लिहावा लागणार, पण आत्ता मागे जात नाही. बेल वाजते आणि तो थांबत नाही, असं लिहायचं आहे. न थांबता पुढे टाइप करत गेलं तर काय होतं?

साठीपार
समासाशी मशीन अडतं. अक्षरं उठत नाहीत. तरी पुढे जायचंच असेल तर समास सोडवायची वेगळी कळ असते, ती दाबायची. मग समासातही टाइप होतं.

अर्धविराम
कुठल्या हाताने?

साठीपार
माझ्या मशीनवर डाव्या. करंगळीने.